हिरव्या सीटमधलं टोक

माझी नणंद एटेल बोडनार आमच्या एल्डन गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक म्हणजे तिच्या हातचा भरलेला कोबी. दुसरी म्हणजे कुणाचीही टॅलमन मोटार उभी दिसली की मागचं दार उघडून सीटवर हात फिरवायची तिची सवय. लहानथोर सगळे तिला एटेल नेनी म्हणत, म्हणजे एटेल मावशी, आणि मीही तेच म्हणायची. लोकांना वाटायचं, बाईचं आपल्या हातच्या कामावर काय प्रेम आहे! कंपनीच्या मासिकात तिचा फोटोसुद्धा छापून आला होता, सीटवर हात ठेवून हसतानाचा. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. नीट बघितलं तर कळतं की ती हसत नाहीये. तिने दात आवळून धरलेत.

प्रेम कसलं डोंबलाचं! ती घाबरलेली होती. एकोणीस वर्षं ती घाबरलेली होती, आणि कशाला ते फक्त दोघींना ठाऊक होतं, तिला आणि मला. आता ती नाही. मी सत्तरीकडे झुकले आहे आणि पोटात गोष्ट ठेवायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून सांगते.

आमचा सगळा हंगेरियन मोहल्ला टॅलमनच्या जिवावर उभा होता. टॅलमन आधी घोडागाड्या बनवायची. माझ्या सासऱ्यांनी त्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या. पुढे मोटारी आल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने, गेझाने, त्यांना दारं बसवली. आमच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीची गाडी उभी करायची कुणाची छाती नव्हती. एकदा शेजारणीचा जावई शिकागोहून भलतीच गाडी घेऊन आला, तर सासऱ्यांनी त्याला ती दोन गल्ल्या पलीकडे चर्चच्या मागे लावायला लावली. वर म्हणाले, "जेवायला ये बाबा, पण तिला आणू नकोस." जावई बिचारा पावसात चालत आला.

एटेल नेनी गेझापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. नवरा फार लवकर न्यूमोनियाने गेला, मूलबाळ नव्हतं. लढाईत कंपनी लष्करी ट्रक बनवायची तेव्हा ती ताडपत्र्या शिवायला शिवणखात्यात लागली, आणि लढाई संपल्यावर तिथेच सीटच्या खोळी शिवू लागली. मी लग्न होऊन आले आणि तिनेच मला शेजारच्या मशीनवर बसवून घेतलं. तिच्या हातासारखी सफाई मी पुन्हा पाहिली नाही. मुकादम प्रुइट कडक माणूस, पण नवीन बायकांना तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "तिच्याकडे बघा आणि तसं करा."

एकोणीसशे पन्नास साली टॅलमनला दृष्ट लागण्यासारखे दिवस आले होते. गाडीसाठी लोक चार चार महिने आधी नाव नोंदवत. तीन पाळ्या चालत. पाळी सुटली की फाटकाबाहेर सगळा रस्ता आमच्याच गाड्यांनी भरायचा. आपण जगाच्या मधोमध राहतो असं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता सुईचं सांगते. आमच्या खात्यात सुईचा एक नियम होता. मशीनची सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने जोडून लावायचे, मुकादमाला दाखवायचे, आणि तो पुठ्ठा स्टोअरच्या खिडकीत दिला तरच नवी सुई मिळायची. एक तुकडा जरी कमी भरला तरी त्या वेळी हातात असलेला सगळा गठ्ठा उसवायचा. नियम बरोबरच होता. मोटारीच्या सीटमध्ये सुईचं टोक राहिलं तर काय होईल ते सांगायला नको.

पण नियम तिथे पळवाट. आमच्यातली प्रत्येक बाई एक जुनं टोक जपून ठेवायची. केव्हातरी झाडताना फटीत सापडलेलं, चिंधीत गुंडाळून एप्रनच्या आतल्या बाजूला टाचलेलं. अडीअडचणीला म्हणून. याबद्दल कुणी बोलायचं नाही, पण ते असायचं सगळ्यांकडे. एटेल नेनीकडे तेवढं नव्हतं. ती म्हणायची, "माझी सुई मोडली तर मला तिचं टोक सापडेल."

ऑक्टोबरातला शनिवार होता. दुपारी दोनला पाळी सुटणार होती आणि संध्याकाळी हंगेरियन हॉलमध्ये द्राक्षतोडणीचा नाच. मी बावीस वर्षांची. लाल घागरा इस्त्री करून ठेवलेला. पाऊणला एटेल नेनीच्या मशीनचा आवाज एकदम थांबला. बघते तर ती मशीनखाली वाकलेली.

"काय गं नेनी, काय झालं?"

"सुई मोडली. दोन तुकडे आहेत. टोक दिसत नाही."

"बघ, मांडीवर असेल."

"बघितलं. बाहीत बघितलं, बुटात बघितलं." तिने मान वर केली. चेहरा पांढरा पडला होता. "विल्मा, टोक नाहीये गं."

आदल्याच आठवड्यात बोरी नावाच्या बाईचं टोक हरवलं होतं. चाळीस खोळी उसवल्या. पुढे गाड्या जोडणारे पुरुष हात बांधून बसून राहिले आणि दारात येऊन आम्हाला शिव्या घालून गेले. टोक शेवटी निघालं बोरीच्याच केसांच्या जाळीत. तिला मशीनवरून उठवून दोरे तोडायला बसवली. दहा वर्षांची कारागीर, आणि कात्री घेऊन पोरीसोरींच्या रांगेत! एटेल नेनीच्या डोळ्यांत मला त्या क्षणी बोरीच दिसली.

आणि माझ्या डोळ्यांत काय होतं? लाल घागरा. गठ्ठा उसवायला घेतला असता तर रात्र पडेपर्यंत कुणी घरी गेलं नसतं.

मी एप्रनमधून चिंधी काढली आणि टेबलाखालून तिच्या हातात दिली. "हे घे. लाव."

"हे माझ्या सुईचं नाही."

"सगळ्या सुया एकाच आईच्या लेकी. लाव म्हणते ना! प्रुइट येतोय."

तिने लावलं. प्रुइटने पुठ्ठा उजेडात धरला. एटेल बोडनारचा पुठ्ठा, त्यात काय बघायचं? "ठीक," म्हणाला आणि पुढे गेला. तिच्या पायाशी बारा खोळींचा गठ्ठा होता, सगळ्या हिरव्या, सगळ्या मागच्या सीटच्या. ढकलगाडीवाला आला आणि घेऊन गेला. ती त्या ढकलगाडीकडे दार बंद होईपर्यंत बघत राहिली.

हॉलमध्ये छताला द्राक्षांचे घोस टांगले होते. ते चोरायचे आणि पहारेकऱ्यांनी चोराला पकडून दंड करायचा, अशी आमची गंमत असते. मी नाचत होते. एटेल नेनी भिंतीशी बाकावर. मधेच मला हाताला धरून तिने बाजूला नेलं.

"विल्मा, ते कापसात गेलंय."

"कशावरून?"

"जमिनीवर पडलं असतं तर सापडलं असतं. मी बोटांनी सगळी फरशी चाचपली. वर कापड, मधे कापूस, खाली मांजरपाट. टीप मारतानाच मोडली ना सुई? मग टोक कापसातच राहिलं. आज कळणार नाही कुणाला. कापूस नवा आहे, जाड आहे. पाच वर्षांनी दबेल. दहा वर्षांनी आणखी दबेल. मग ते वर येईल." ती थांबली. "मागच्या सीटवर कोण बसतं, विल्मा?"

मी नाचणाऱ्यांकडे बघितलं.

"पोरं बसतात," ती म्हणाली. तेवढ्यात एका पहारेकऱ्याने खांद्यावर हात ठेवून तिला "चोर! चोर!" म्हणून पकडलं. थट्टाच होती, तिच्या डोक्यावर घोस होता म्हणून. पण ती अशी किंचाळली की बँड थांबला.

सोमवारी ती प्रुइटच्या टेबलाकडे निघाली. मीच एप्रन धरून तिला मागे ओढलं. "वेडी आहेस का? खोळी कधीच बसवून झाल्या. गाड्या आगगाडीवर चढल्या असतील. आणि टोक कुणी दिलं विचारलं तर काय सांगशील? दोघी जाऊ घरी." ती माझ्यासाठी मागे फिरली. स्वतःसाठी फिरली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी विसरून गेले. खरंच विसरले, तसा माझा स्वभावच आहे. रोज शेकडो गाड्या बाहेर पडत होत्या. त्यात एक टोक, तांदळाच्या दाण्याएवढं! पण ती विसरली नाही. हिरव्या सीटची टॅलमन दिसली की ती दार उघडायची, तळवा दाबून इकडून तिकडे फिरवायची, मग उलटा फिरवायची. आधी ओळखीच्यांच्या गाड्या, मग अनोळखी लोकांच्याही. बाजारात, दवाखान्याबाहेर, मयताच्या रांगेतसुद्धा. मी म्हटलं, "नेनी, एवढं जिवाला लागलंय तर फादर अंब्रुशना सांगून मोकळी हो."

"कसं सांगू? त्यांची गाडीच हिरव्या सीटची आहे," ती म्हणाली. "मी पाप कबूल करून घरी येणार आणि ते सहा महिने मागच्या म्हाताऱ्यांना उभ्याने चर्चला नेणार."

त्यावर आम्ही दोघी हसलो. आठवतंय मला, कारण त्या विषयावर आम्ही तेवढं एकदाच हसलो.

तिसऱ्या वर्षी कंपनीची सहल होती, जुलैत, नदीकाठी. मोठ्या कढईत गुयाश, म्हणजे आमचा मांसाचा रस्सा, शिजत होता. सळईवर डुकराची चरबी शेकून तिचे थेंब आम्ही पावावर घेत होतो. गाड्या झाडांखाली रांगेने उभ्या. शेजारच्या घरची इरेन, सहा वर्षांची, बापाच्या गाडीत मागच्या सीटवर उड्या मारत होती. एकदम तिने टाहो फोडला. मांडी धरून असा टाहो की सगळ्यांच्या माना वळल्या.

एटेल नेनीच्या हातातली सळई विस्तवात पडली. पंचेचाळिशीची बाई, पण सगळ्यांच्या आधी ती तिथे पोचली. पोरीला बाहेर ओढलं, फ्रॉक वर केला, मांडीवर लाल गांध आली होती ती चिमटीत धरून दाबली. तोंडाने सारखं म्हणत होती, "आत गेलं का? आत गेलं का?" तेवढ्यात इरेनची आई आली आणि तिने सीटच्या कोपऱ्यातली गांधीलमाशी दाखवली. लोक हसले. इरेनही रडता रडता हसली.

एटेल नेनी हसली नाही. तिने खिशातून कात्री काढली. सुई मोडली त्या शनिवारपासून तिच्या खिशात नेहमी कात्री असायची. सगळ्यांच्या देखत तिने त्या सीटची टीप टराटरा उसवली आणि कापूस बाहेर काढून बोटांनी पिंजायला लागली. इरेनचा बाप बघतच राहिला. "अहो नेनी! माझी गाडी!"

मी मधे पडले. म्हटलं, "टीप सैल होती. तिला बघवत नाही. उद्या शिवून देईल."

झालं! सहलीला आलेल्या साहेबांना ते इतकं आवडलं की महिन्याभरात मासिकात फोटो. खाली ओळ होती की टॅलमनमध्ये अशी माणसं आहेत, ज्यांना सैल टाका बघवत नाही. त्या दिवसापासून तिला दार उघडायला कुणाची परवानगी लागेना. लोक आपणहून उघडून देत. "या नेनी, फिरवा हात, आमच्या गाडीला तुमचा आशीर्वाद!" ती हात फिरवायची आणि घरी येऊन ओकायची.

मग दिवस पालटले. डेट्रॉईटच्या बड्या कंपन्यांनी किमती पाडल्या. आमच्या साहेबांनी गाड्यांना माशासारखे पर लावले, दर वर्षी नवं नाव दिलं, शेवटी एका दुसऱ्या बुडत्या कंपनीशी सोयरीक केली. दोघी मिळून बुडायला लागल्या. तिसरी पाळी गेली, मग दुसरी. कापड महाग म्हणून सीटला रेक्झिन आलं, आणि रेक्झिन शिवायचं नसतं, तापवून दाबायचं असतं. शिवणखात्यात ऐंशी बायका होतो, त्या वीस राहिलो. गेझाला आठवड्यातून तीन दिवस काम. घरी बसला की तो गाडी धूत बसायचा. धुतलेलीच पुन्हा धुवायचा. मला तेव्हा भीती म्हणजे काय ते कळलं. पुरुष घाबरले की बोलत नाहीत, नुसते गाडी धुतात.

बासष्टच्या डिसेंबरात, भर दुपारी, मी शेवयांचं पीठ मळत होते आणि रेडिओवर बातमी आली. एल्डनचा कारखाना बंद. अजून पाळी सुटली नव्हती. आतल्या माणसांच्या आधी आम्हा बायकांना घरात कळलं. मी पिठाच्या हातांनीच एटेल नेनीकडे धावले. आम्हा दोघींची त्या दिवशी सुट्टी होती. ती खुर्चीत बसून होती, रेडिओ चालूच.

"नेनी, आता काय करायचं गं?"

"आता सांगायचं तरी कुणाला?" ती म्हणाली.

मला आधी कळेना. मी पोटापाण्याचं विचारत होते. मग लक्षात आलं. बारा वर्षं ती मनात धरून होती की एक दिवस प्रुइटच्या टेबलाशी जाऊन सांगू, कंपनी त्या बारा गाड्या शोधून काढील, पत्रं पाठवील, सीटा बदलून देईल. आता कंपनीच नव्हती. मला राग आला तिचा. गाव उपाशी मरायला निघालंय आणि हिला टोकाचं पडलंय! मी तसं बोलूनही दाखवलं. तिने रेडिओ बंद केला.

कारखान्यातलं सामान विकायला काढलं तेव्हा तिने आपलं मशीन घेतलं. गेझाने आणि दोन मित्रांनी ते आमच्या तळघरात उतरवलं. लोकांना नव्या गाड्या परवडत नव्हत्या, ते जुन्याच टॅलमन वापरत राहिले, आणि सीटा फाटायला लागल्या. एटेल नेनी दुरुस्त करून द्यायची. काळ्या, निळ्या सीटचे पैसे घ्यायची, हिरव्या सीटचे एक सेंट घ्यायची नाही. हिरवी सीट आली की पूर्ण उसवायची, कापूस जुन्या चादरीवर पसरायची आणि गुडघ्यांवर बसून बोटांनी वेचायची. भंगारवाल्याकडेही जायची, तिथे पडलेल्या गाड्यांत पोरं खेळतात म्हणून. तो तिला चहा पाजायचा. "नेनी, अजून टॅलमनला सोडत नाही तुम्ही!"

अशा एकतीस हिरव्या सीटा तिने उसवल्या. काही सापडलं नाही.

एकोणसत्तर साली तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दिसेना तरी बोटांनी चाचपायची, आणि बोटं सुजलेली. जेवण तुटलं. अंग झडून गेलं, म्हणून मी तिला आमच्या घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आजार असा काही नाही, बाई कसला तरी घोर लावून घेते आहे. एक दिवस मी तिला सूप भरवत होते तर ती म्हणाली, "एकोणीस वर्षं झाली. कापूस आता पार चपटा झाला असेल, विल्मा. आता ते अगदी वर आलं असेल."

मला ते सहन झालं नाही. पहिलं टोक मी दिलं होतं.

त्या दुपारी ती डुलकी घेत असताना मी तळघरात गेले. मशीनच्या पोटाखाली तेल गळायचं पत्र्याचं ताट असतं, त्यात वर्षानुवर्षांचं तेल आणि लव साठून जाड घट्ट थर झाला होता. तो कुणी कधी काढला नव्हता. माझ्या मनात आलं, असेल की इथेच! का नसेल? त्या दिवशी घाईत तिने फरशी चाचपली, ताटात कुठे बघितलं? मी ताट काढलं. गेझाचं लोहचुंबक आणलं. सुरीने थर खरवडला, तुकडा तुकडा करून खिडकीतल्या उन्हात धरला, चुंबक फिरवलं. दोन टाचण्या निघाल्या. एक शर्टाचं बटण निघालं. हिरव्या कापडाचे धागे निघाले. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.

टोक नव्हतं.

मी पायरीवर बसले. मग उठले, त्याच जाडीची एक सुई घेतली, पकडीत धरून मोडली. टोक त्या तेलकट लवेत घोळलं आणि हातावर घेऊन वर गेले.

"नेनी, ऊठ. बघ काय सापडलं."

तिने हात पुढे केला. मी ते तिच्या तळव्यावर ठेवलं. सुजलेल्या बोटाने ती ते चाचपत राहिली.

"कुठे होतं?"

"मशीनखाली. तेलाच्या ताटात, थरात रुतलेलं. एकोणीस वर्षं तुझ्याच मशीनमध्ये, आणि तू गावभर हात फिरवत होतीस!"

तिने ते चिमटीत धरलं. मग म्हणाली, "शपथ घे."

"घेते की. देवाची शपथ."

"देवाची नको. देव माफ करतो. कातीची घे."

काती माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा अठरा वर्षांची, मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, खिडकीतून दिसत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "कातीची शपथ."

एटेल नेनी रडली. अशी रडली की काती चिमटे टाकून आत धावत आली. त्या संध्याकाळी तिने दोनदा वाढून घेतलं. महिन्याभरात डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. रविवारी फादर अंब्रुशच्या गाडीत मागे बसून गेली आणि सीटवर हात न फिरवता थेट टेकली. मी फुटपाथवर उभी राहून बघत होते. पुढे सहा वर्षं जगली, कोबी भरला, पत्त्यांत सगळ्यांना हरवलं. ते टोक तिने मशीनवर टाचण्या खोचायला ठेवलेल्या कापडी बाहुलीला पदकासारखं टाचून ठेवलं होतं. गेली ती झोपेत गेली. तिला फसवल्याचं मला वाईट वाटत नाही. कुणी काही म्हणो.

पण मी ताट तीनदा बघितलं होतं. तिला फक्त शंका होती. मला माहीत आहे. ते टोक मशीनमध्ये नव्हतं, फरशीवर नव्हतं, आणि आता ते शोधणारंही कुणी उरलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एल्डनमध्ये जुन्या टॅलमनांचा मेळावा भरला. कुठून कुठून लोक आपल्या गाड्या चकचकीत करून घेऊन आले होते. जिथे आमचं फाटक होतं तिथे आता मोकळं मैदान आहे, तिथेच त्या रांगेने लावल्या होत्या. आम्ही सगळे गेलो होतो. ओहायोच्या एका माणसाची चार दारांची गाडी होती. कातीची धाकटी, पाच वर्षांची लिली, त्याला विचारून कधीच आत चढली होती आणि मागच्या सीटवर पाय हलवत बसली होती. सीट हिरवी होती.

"आजी, तुम्ही इथल्याच का?" तो माणूस कौतुकाने म्हणाला. "मग हे बघाच. बाहेरचा रंग मी नवा दिलाय, पण सीट मूळची आहे. पन्नास सालची. एक टाकासुद्धा बदललेला नाही."

मी वाकून कापड बघितलं. कापूस भरलेले उभे पट्टे पार चपटे झाले होते. टीप सरळ होती, सफाईदार होती, आणि शेवटाला तीन टाके उलटे मारून दोरा आत घेतला होता. तसा दोरा आमच्या खात्यात एकच बाई आत घ्यायची.

"ऊठ, लिली," मी म्हटलं.

"का गं, आजी?"

"ऊठ म्हणते ना! उभी राहा. बसू नकोस."

पोर घाबरून उठली. मी आत गुडघा टेकला, तळवा सीटवर दाबला आणि एका टोकापासून सुरुवात केली. मागे काती त्या माणसाला हसून सांगत होती, "आमच्या घरातच आहे हे. माझी आत्या अगदी अशीच करायची. फार प्रेम हो, टॅलमनवर."